पाकिटातले मत

गेल्या महिन्यात इंदूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांचे चिरंजीव व सूनबाई नोकरीनिमित्त काही वर्षांपासून इंग्लंडमध्ये असतात. बाई वसंत ऋतूत तिकडे गेल्या असताना एके दिवशी टपालाने दोन जाड पाकिटे घरी आली. आत नगरपालिकेच्या निवडणुकीच्या मतपत्रिका होत्या. रात्रीचे जेवण आटोपल्यावर मुलाने टेबलावरच आपली मतपत्रिका भरली आणि पत्नीच्या मतपत्रिकेकडे हात पुढे करून तो म्हणाला, "आण, तुझीही भरून टाकतो." सूनबाई काही बोलली नाही. तिने कागद पुढे सरकविला आणि दाखविलेल्या जागी सही तेवढी केली. बाई लिहितात, "मला ते खटकले, पण बोलावे कसे? शिवाय मनात आले, ज्या देशात निवडणूक अशी जेवणाच्या टेबलावर होते, तेथे लबाडी होत नसेल काय? अशा मतदानावर विश्वास ठेवावा की नाही?"

आपली मुले परदेशात मतदान कशी करतात, असे काही वाचकांस वाटेल. कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना, ते तेथे कायदेशीर वास्तव्य करून असतील तर, ब्रिटनमध्ये मतदानाचा हक्क मिळतो. त्यामुळे भारतीय पारपत्र बाळगणारी आपली मुलेबाळे तेथील नगरसेवक निवडू शकतात. तेव्हा प्रश्न परका असला तरी अगदीच परक्याचा नाही. त्याचे उत्तर देताना मला माझेही एक जुने ऋण फेडावयाचे आहे. ते ओघाने पुढे येईल.

प्रथम टपाली मतदान म्हणजे काय ते पाहू. जो मतदार मतदान केंद्रावर येऊ शकत नाही, त्याच्या घरी मतपत्रिका पाठवावयाची. त्याने ती भरून पाकिटात बंद करून, सोबत आपल्या सहीचे निवेदन जोडून परत पाठवावयाची, अशी ही पद्धत. सीमेवरचा सैनिक, अंथरुणाला खिळलेला वृद्ध, परगावी कामावर गेलेला नोकरदार यांच्यासाठी ती निघाली, आणि तिच्यामागचा हेतू नि:संशय चांगला आहे. आपल्याकडेही सैनिकांना व निवडणुकीच्या कामावरील कर्मचाऱ्यांना टपाली मताची सोय फार पूर्वीपासून आहे. ब्रिटनमध्ये मात्र २००० सालच्या कायद्याने ही सोय मागेल त्याला खुली केली. पूर्वी आजारपण, प्रवास असे काही कारण द्यावे लागे. ते आता लागेनासे झाले. मतदानाचे प्रमाण घटत चालले होते, ते वाढावे ही त्यामागची इच्छा होती. दार सताड उघडले, परंतु दाराशी पहारेकरी नेमावयाचे राहून गेले.

त्याचे फळ बर्मिंगहॅम शहरात दिसले. तेथील महानगरपालिकेची निवडणूक १० जून २००४ रोजी झाली. प्रत्येक वॉर्डातून तीन नगरसेवक निवडावयाचे होते. त्यांपैकी बोर्डस्ली ग्रीन व ॲस्टन या दोन वॉर्डांच्या निकालांना आव्हान देण्यात आले, आणि रिचर्ड मॉरी या निवडणूक न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली. ४ एप्रिल २००५ रोजी त्यांनी निकाल दिला, तो वाचून सारा इंग्लंड चकित झाला. दोन्ही वॉर्डांतील मिळून सहा नगरसेवकांची निवड रद्द ठरली. हे सहाही जण मजूर पक्षाचे होते. पुढे अपिलात त्यांपैकी एकावरील वैयक्तिक दोषारोप रद्द झाला, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु लबाडी झाली, ती मोठ्या प्रमाणावर झाली व ती टपाली मतांतून झाली, हा निष्कर्ष कायम राहिला. एखाद्या बेबंद राज्यालाही लाज वाटावी असा हा पुरावा आहे, अशा अर्थाचे उद्गार न्यायाधीशांनी काढले.

काय घडले होते? दुसऱ्याच्या नावाने मतपत्रिकेसाठी अर्ज करावयाचा आणि ती भलत्याच पत्त्यावर मागवावयाची. घरी आलेली पाकिटे मधल्यामध्ये लांबवावयाची. भोळ्या मतदाराकडे जाऊन "द्या, आम्ही पोचवितो" म्हणून कागद ताब्यात घ्यावयाचा आणि मग तो हवा तसा भरावयाचा किंवा भरलेला बदलावयाचा. मतदानाच्या आधी एका रात्री पोलीस एका गोदामात गेले, तेव्हा तेथे उमेदवार व त्यांचे सहायक टपाली मतपत्रिकांचा ढीग पुढ्यात घेऊन बसलेले आढळले. ही पाकिटे साध्या टपालाने आणि दुरूनही ओळखू येतील अशा लिफाफ्यांतून पाठविली जात होती. त्यांवर "मला चोरा" एवढे लिहावयाचे काय ते बाकी होते, असा टोला न्यायाधीशांनी हाणला. मतदाराच्या निवेदनावर एका साक्षीदाराची सही लागे खरी. पण मतदाराची सही खरी की खोटी हे ताडून पाहण्यास अधिकाऱ्यांजवळ मूळ सहीचा नमुनाच नव्हता. कुलूप होते, पण ते कोणत्याही किल्लीने उघडणारे होते.

यावरून हे दुखणे एका पक्षाचे अथवा एका वस्तीचे आहे, असा समज करून घेऊ नये. पुढे २००७ साली स्लाउ येथील निवडणुकीत हुजूर पक्षाचा एक उमेदवार निवडून आला. त्याच्या बाजूने अस्तित्वातच नसलेली माणसे मतदारयादीत घुसवून त्यांच्या नावाने टपाली मते टाकण्यात आल्याचे सिद्ध झाले, आणि त्याचीही निवड याच न्यायाधीशांनी २००८ साली रद्द केली. लबाडीला पक्ष नसतो. तिला फक्त संधी लागते.

आता एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. ही प्रकरणे पार्लमेंटच्या निवडणुकीतून आलेली नाहीत. ती नगरपालिकेच्या वॉर्डांतून आली आहेत. हा योगायोग नव्हे. लोकसभेच्या मतदारसंघात लाखो मते असतात. तेथे हजारभर पाकिटे फिरवून निकाल क्वचितच फिरतो. वॉर्डात मात्र मतदार थोडे, मतदानाला उतरणारे त्याहून थोडे, आणि हार-जीत कधी शे-दोनशेची, कधी दहा-वीस मतांची. शिवाय उमेदवार गल्लीतला, ओळखीचा. कोणाच्या घरी किती मते, कोण आजारी, कोण निरक्षर, कोणाची मुले परगावी, हे त्याला तोंडपाठ असते. मोठ्या निवडणुकीतील लबाडीस फौज लागते. लहान निवडणुकीतील लबाडीस चार उत्साही कार्यकर्ते आणि एक थैली पुरते.

अमेरिकेतील दोन उदाहरणे हेच सांगतात. फ्लोरिडातील मायामी शहरात नोव्हेंबर १९९७ मध्ये महापौराची निवडणूक झाली. केंद्रांवर पडलेल्या मतांत ज्यो कारोलो पुढे होते. टपाली मतांमुळे मात्र निकाल दुसऱ्या फेरीवर गेला आणि तीत झेवियर स्वारेझ निवडून आले. टपाली मतांत गैरप्रकार झाल्याचे न्यायालयात सिद्ध झाले. स्वारेझ यांनी स्वतः त्यात भाग घेतल्याचा ठपका मात्र आला नाही. खालच्या न्यायालयाने फेरनिवडणुकीचा हुकूम दिला. परंतु मार्च १९९८ मध्ये अपील न्यायालयाने तो बदलून सर्वच्या सर्व टपाली मते बाद केली आणि कारोलो यांना महापौर ठरविले. यात एक दु:खाची बाजू आहे. त्या बाद मतांमध्ये कितीतरी आजारी, वृद्ध व प्रामाणिक माणसांची मते होती. त्यांनी काही अपराध केला नव्हता. खोटे नाणे ओळखू येईना म्हणून सारी थैलीच नदीत टाकावी, तसे झाले.

दुसरे उदाहरण न्यू जर्सीतील पॅटरसन शहराचे. कोरोनाच्या साथीमुळे मे २०२० मधील तेथील नगर परिषदेची निवडणूक संपूर्णपणे टपालाने घेण्यात आली. काही ठिकाणी टपालपेटीत शेकडो मतपत्रिका एकत्र बांधलेल्या सापडल्या. सुमारे १६,७०० मतपत्रिकांपैकी सुमारे ३,२०० बाद झाल्या. त्या सर्व लबाडीच्या नव्हत्या. सही न जुळणे, निवेदन अपुरे असणे अशी कारणेही होती. ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी एका वॉर्डाची निवडणूक रद्द करून ती नोव्हेंबरमध्ये पुन्हा घेण्याचा आदेश दिला. त्या वर्षी अमेरिकेत टपाली मतांवरून फार मोठे रण माजले. एका बाजूचे लोक पॅटरसनकडे बोट दाखवून "पाहा, सारीच टपाली मते खोटी" म्हणत, दुसऱ्या बाजूचे म्हणत, "चोर पकडला गेला, म्हणजे पद्धत ठीक आहे." दोन्ही बाजूंनी एका वॉर्डावरून साऱ्या देशाचे अनुमान काढले. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण ती एकाच भांड्यातल्या भाताची होते.

कारण त्याच अमेरिकेत ऑरेगन नावाचे राज्य आहे. तेथील लिन जिल्ह्यात १९८१ साली स्थानिक निवडणूक टपालाने घेऊन पाहिली. अनुभव चांगला आला, तो हळूहळू विस्तारला, आणि १९९८ साली मतदारांनीच कौल देऊन टपाली मतदान ही राज्याची नेहमीची पद्धत ठरविली. तेथे प्रत्येक पाकिटावरील सही नोंदणीच्या वेळच्या सहीशी ताडून पाहतात, आणि जुळली नाही तर मतदाराला कळवून दुरुस्तीची संधी देतात. या सावधगिरीने पद्धत रुजली. ब्रिटननेही धडा घेतला. २००६ च्या कायद्याने अर्जावर सही व जन्मतारीख घेऊन ती मतासोबतच्या निवेदनाशी ताडण्याची सोय केली. २०२२ च्या कायद्याने आणखी निर्बंध आले: पक्षाच्या प्रचारकाने, आप्तेष्टांची अथवा ज्यांची तो देखभाल करतो त्यांची सोडून, इतरांची टपाली मते हाताळावयाची नाहीत, मतदान केंद्रावर कोणालाही स्वतःच्या मताखेरीज इतर पाचांपेक्षा अधिक मते नेऊन देता येत नाहीत, आणि टपाली मताचा अर्ज दर तीन वर्षांनी नव्याने करावा लागतो. फ्रान्सने मात्र वेगळा मार्ग पत्करला. कॉर्सिका बेटावरील गैरप्रकारांनंतर त्या देशाने १९७५ साली टपाली मतदान बंदच करून टाकले.

इतके सांगितल्यावर भगिनींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. टपाली मतदान आपोआप खोटे नाही आणि आपोआप विश्वसनीयही नाही. अर्जापासून मोजणीपर्यंत कागद किती हातांतून जातो आणि प्रत्येक ठिकाणी कोण पाहतो, यावर त्याचा भरवसा अवलंबून आहे.

परंतु उरलेले अर्धे उत्तर अधिक अवघड आहे. सही ताडून पाहता येते. सही करणारा हात मोकळा होता की नाही, हे कोणत्या यंत्राने ताडावे? इंग्लंडमध्ये १८७२ पर्यंत मत उघडपणे, सर्वांसमक्ष सांगावे लागे. जमीनदार समोर उभा असे आणि कूळ त्याच्याकडे पाहून नाव उच्चारी. त्या वर्षीच्या कायद्याने गुप्त मतदान आले. मतदान केंद्रावरचा तो पुठ्ठ्याचा आडोसा आपण किरकोळ समजतो. पण तो आडोसा ही लोकशाहीतील दुर्बळाची खरी ढाल आहे. मजुराला तो मालकापासून झाकतो, भाडेकऱ्याला घरमालकापासून झाकतो आणि घरातील बाईला घरातील पुरुषापासूनही झाकतो. त्या आडोशामागे ती क्षणभर कोणाची सून नसते, कोणाची पत्नी नसते. फक्त मतदार असते. टपाली मतात हा आडोसाच नाहीसा होतो. बर्मिंगहॅमचा गोदामातला ढीग कायद्याला दिसला. जेवणाच्या टेबलावरचे एक पाकीट कायद्याला कधीच दिसत नाही.

आता माझे ऋण. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शहरातील एका मराठी संस्थेच्या कार्यकारिणीची निवडणूक होती. सभासद अनेक गावी पांगलेले, म्हणून मतपत्रिका टपालाने पाठवीत. दोन पॅनेले उभी होती. मी तेव्हा तरुण होतो, उत्साही होतो, आणि आमचेच पॅनेल संस्थेचे भले करील अशी माझी प्रामाणिक समजूत होती. सायकलला पिशवी अडकवून मी घरोघर फिरे. "काका, मतपत्रिका आली का? सही तेवढी करा, बाकीचे मी पाहतो." लोक हसत सही करीत आणि कोरा कागद माझ्या हाती देत. कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. मला तर मुळीच नाही. विरुद्ध बाजूची मंडळीही तेच करीत होती, हे माझे समर्थन होते.

अशा फेरीत मी एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी गेलो. बाईंनी मला प्राथमिक शाळेत शिकविले होते. त्यांनी चहा दिला, आईची विचारपूस केली, आणि मी मतपत्रिकेचा विषय काढताच त्या शांतपणे म्हणाल्या, "तू जरा ओसरीवर बैस." त्या आत गेल्या. दार लोटून घेतले. थोड्या वेळाने डिंकाने चिकटविलेले पाकीट हाती घेऊन त्या बाहेर आल्या. मी हात पुढे केला. त्या म्हणाल्या, "जन्मभर मुलांना सांगत आले, आपली उत्तरे दुसऱ्याला दाखवू नयेत आणि दुसऱ्याची पाहू नयेत. आता तुझ्या हाती वही कशी देऊ?" मग काठी घेऊन त्या कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत स्वतः चालत गेल्या. मी सायकल हाती धरून मुकाट्याने त्यांच्यासोबत चाललो. मत कोणाला दिले हे त्यांनी सांगितले नाही आणि विचारण्याचे मला धैर्य झाले नाही.

आमचे पॅनेल सतरा मतांनी विजयी झाले. माझ्या पिशवीतून चाळीसच्या वर पाकिटे गेली होती. पेढे वाटले गेले, माझी पाठ थोपटली गेली. त्या चाळिसांपैकी कितींनी आम्हांलाच मत दिले असते, हे मला आजही ठाऊक नाही. आणि कोणालाच कधी ठाऊक होणार नाही. बर्मिंगहॅमच्या निकालाची हकीकत वाचली, तेव्हा त्या गोदामातील माणसांची मला प्रथम चीड आली, आणि मग माझी पिशवी आठवली. त्यांनी पैसा व सत्ता यांसाठी केले असेल, मी संस्थेच्या प्रेमाने केले. पण कागद ज्याचा, त्याच्या हातून तो काढून घेतला, एवढे दोघांचेही सारखेच.

आपल्या देशाने एक गोष्ट मला समाधान देणारी केली आहे. अतिवृद्ध व अपंग मतदारांसाठी घरी मतदानाची सोय अलीकडे सुरू झाली. प्रथम ती ऐंशी वर्षांवरील मतदारांना होती. २०२४ पासून पंच्याऐंशी वर्षांवरील मतदारांना आहे. तीत मतपत्रिका टपालाने सोडून देत नाहीत. मतदान कर्मचारी पोलिसासह घरी येतात, येण्याची वेळ उमेदवारांना आधी कळविली जाते, चित्रीकरण होते, आणि खूण करताना मात्र आडोसा धरला जातो. म्हणजे पाकिटाबरोबर आडोसाही घरी जातो. ही व्यवस्था लोकसभा-विधानसभेसाठी आहे. नगरपालिका व पंचायतींच्या निवडणुका प्रत्येक राज्याचा स्वतंत्र निवडणूक आयोग घेतो आणि नवे प्रयोग तेथेच आधी होतात. गुजरातेत २०१० साली महानगरपालिकांच्या निवडणुकीत घरच्या संगणकावरून मत देण्याची सोय करून पाहण्यात आली होती. असे प्रयोग पुढेही होतील आणि सोय म्हणून आपण त्यांचे स्वागतही करू. तेव्हा एकच प्रश्न विचारीत जावे: यात आडोसा कोठे आहे?

म्हणून इंदूरच्या भगिनींस माझे उत्तर असे. आपल्या चिरंजीवांचा हेतू वाईट नव्हता. त्याने पत्नीचे काम हलके केले असे त्याला वाटले असेल. परंतु तो ज्या देशात राहतो, तेथील २०२२ च्या कायद्याने टपाली मतालाही गुप्ततेचे संरक्षण दिले आहे, हे त्याला सांगावे. आणि कायदा नसता तरी हेच सांगावे. पुढच्या वेळी पाकिटे येतील तेव्हा त्याने आपले एका खोलीत भरावे, तिने आपले दुसऱ्या खोलीत भरावे, दोघांनी आपापली पाकिटे आपापल्या हातांनी चिकटवावीत आणि संध्याकाळी फिरावयास जाताना बरोबरच टपालपेटीत टाकावीत. एकमेकांस विचारू नये. संसार इतका पक्का असतो की एवढ्या गुपिताने त्याला तडा जात नाही.

सुनेशी हे बोलावे कसे, असे आपण विचारता. मला वाटते, सासूनेच बोलावे. आमच्या बाईंनी मला ओसरीवर बसविले होते. तसे आपण चिरंजीवांस घटकाभर बाहेरच्या खोलीत बसवावे आणि सूनबाईंना म्हणावे, "जा बाळ, दार लोटून घे. तुझे मत तूच भर."